पळसाच्या पानांचा माणूस

इंदुताईंच्या उजव्या तळहातावर एक लांबट डाग आहे, तव्याच्या कडेचा. पोळ्या करता करता हात तव्यावर टेकला आणि त्यांना कळलंच नाही. करपल्याचा वास आला तेव्हा त्यांनी आधी दूध बघितलं, मग शेजारणीच्या खिडकीकडे बघितलं आणि सगळ्यात शेवटी स्वतःचा हात. दुसऱ्या दिवशी शाळेत सातवीतल्या सुरभीनं विचारलं, "मॅडम, दुखत नाही का?" इंदुताईंनी जरा थांबून खरं तेच सांगितलं, "नाही दुखत." मुलींना वाटलं, मॅडम फार शूर आहेत. शूर कसल्या! ज्याला दुखतच नाही त्याचं कौतुक करणं म्हणजे गोंगाटात झोप लागली म्हणून बहिऱ्याला शाबासकी देण्यासारखं आहे.

यवतमाळच्या एका साध्या शाळेत त्यांनी उभी नोकरी काढली. माहेर दारव्ह्याकडचं. नवरा वामनराव कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होता, आता निवृत्त. शहराबाहेर थोडी शेती, तिथे कपाशी आणि बांधावर पळस. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी एकच मुलगा झाला. त्या साली सिनेमाच्या नादानं गल्लोगल्ली ऋतिक जन्मत होते, त्यात यांचाही एक. पोरगा देखणा निघाला, अभ्यासात बरा निघाला, आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला त्याची झोप उडाली. मग भिंतीतून कोणीतरी त्याच्याशी बोलायला लागलं. नागपूरचे डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, नातेवाइकांच्या समाधानासाठी अंगारेधुपारेही झाले. गोळ्यांनी बरं वाटायला लागलं तशा त्यानं गोळ्या सोडल्या. एके दिवशी "स्टँडपर्यंत जाऊन येतो" म्हणाला आणि गेला. चप्पल दारातच होती. अनवाणी गेलेला माणूस लांब जाणार नाही असं सगळ्यांना वाटलं, तिथेच चूक झाली.

पोलिसांत तक्रार झाली, फोटो लागले. वर्धा, नागपूर, शेगाव, जिथे कोणी बघितलं म्हणे तिथे दोघं जाऊन आले. पहिलं वर्षभर इंदुताई रडत होत्या. नंतर रडू यायचं थांबलं. सोबत बाकीचंही थांबलं. भूक लागली म्हणून त्या जेवत नसत, जेवायची वेळ झाली म्हणून जेवत. सणाला साडी बदलत, कोणी मेलं की भेटायला जात, कोणाच्या घरी बाळ झालं की झबलं नेत. सगळं वेळच्या वेळी. माणूस चावी दिलेल्या घड्याळासारखा चालू शकतो, हे त्यांच्याकडे बघून कळायचं.

तर शनिवारची गोष्ट. शाळेत दप्तराविना शनिवार सुरू झाले तेव्हा बाकीच्या शिक्षिकांनी रांगोळी, लिंबू-चमचा असलं काहीबाही घेतलं. इंदुताई म्हणाल्या, मी सातवीच्या मुलांना एसटी स्टँडवर नेते, तिथे राहणाऱ्या लोकांना जेवू घालायला. मुख्याध्यापक म्हणाले, "ताई, पालक ओरडतील." पालक ओरडलेच. आमची पोरं भिकाऱ्यांत कायले बसवता, रोग लागले तर कोण बघणार, असं बरंच. इंदुताई ऐकून घेत. ज्याला राग येत नाही त्याच्याशी भांडायला मजा येत नाही, म्हणून पालक हळूहळू गप्प झाले.

त्यांचे नियम ठरलेले होते. प्रत्येकानं घरून एक पोळी जास्तीची आणायची, वरण इंदुताईंचं. बिस्किटपुडा चालणार नाही. "दुकानातलं त्यायले कोनीबी देते," त्या मुलांना सांगत, "घरचं कोनी देत नाही." उभ्यानं द्यायचं नाही, समोर बसायचं आणि त्यातलंच आपणही खायचं. आणि फोन काढायचा नाही. एका केळ्याला नऊ हात लावून फोटो काढणारी मंडळी आपल्या गावात कमी नाहीत, त्यात सातवीच्या पोरांची भर नको होती.

लोक म्हणत, इंदुताईंनी स्वतःचं दुःख लोकांच्या दुःखात बुडवलं. चांगलं वाक्य आहे, सत्कारात बोलायला बरं. खरी गोष्ट फक्त वामनरावांना माहीत होती. एकदा कणिक मळताना त्या सहज बोलून गेल्या होत्या. "इथं मी कोनाच्या तरी पोराले घालतो. तिकडं कोनाची माय माह्या पोराले घालत असन." म्हणजे ही सेवा नव्हती. देवाशी, किंवा जो कोणी वर असेल त्याच्याशी, केलेली बोली होती. एखादा शनिवार चुकला तर तिकडे कुठल्या तरी गावात ऋतिक उपाशी राहील, एवढंच त्यांना कळत होतं. त्यामुळे तापातही शनिवार चुकत नसे.

वामनरावांनी त्यावर विचारलं होतं, "अन् थो नसनच तं?"

वामनराव वाईट माणूस नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, छातीवर मधोमध टाक्यांची रेघ आहे. तेव्हापासून त्यांच्या मनात एकच घोळत होतं. जो माणूस बेपत्ता आहे आणि जगला-वाचला कळत नाही, त्याच्यासाठी आपल्याकडे पळसविधी करतात. पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला धोतर नेसवायचं, अग्नी द्यायचा, मग दहावा, तेरावा, सगळं रीतसर. जाणते लोक बारा वर्षं थांबा म्हणतात. भटजींनी वामनरावांची छाती बघितली आणि वाट काढून दिली. सर्वपित्रीला करू म्हणाले.

"जित्ता असन तं चांगलंच हाय, इंदू," वामनराव म्हणाले. "पन गेला असन तं तहानेला हिंडत असन. मी हाव तोवर त्याले पानी देतो. माह्यामागं कोन देईन?"

बघा, दोघांनाही एकच करायचं होतं, पोराच्या तोंडात घास घालायचा होता. एकाला तो जिवंत धरून, दुसऱ्याला मेलेला धरून. आईनं हो म्हटल्याशिवाय पानाला हात लावणार नाही, एवढं मात्र वामनरावांनी सांगून ठेवलं होतं. इंदुताई हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत. "बघू" म्हणाल्या आणि कुकर लावला.

त्या वर्षी तान्हा पोळा शनिवारी आला. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे पोरांचा पोळा असतो. लाकडाचा नंदी सजवायचा, दोरीनं ओढत घरोघर न्यायचा. घरची बाई नंदीला कुंकू लावते, पोराच्या हातावर खाऊ नाहीतर काहीतरी ठेवते. त्याला बोजारा म्हणतात. दारात आलेला नंदी रिकाम्या हातानं परत पाठवत नाहीत, कितीही गरिबी असो. शाळेला सुट्टी होती, पण शनिवार चुकवायचा नाही म्हणून इंदुताईंनी मुलांना स्टँडवर बोलावलं. तिथून घरोघर जायचं म्हणून पोरं नंदी घेऊनच आली. बेगड, फुगे, घुंगरू, एकाच्या बैलाला तर गॉगल.

"नंदी बाजूले ठेवा," इंदुताई म्हणाल्या. "आधी जेवन."

बाजूला म्हणजे कुठे? फलाटावर पानाच्या पिचकाऱ्या. सुरभीचा नंदी तिच्या बाबांनी स्वतः तासलेला, ती तो तिथे कसा ठेवणार? रोज खांबाला टेकून बसणारा एक म्हातारा होता. त्याच्या पुढ्यात गोणपाट अंथरलेलं असायचं, तेवढीच जागा झाडलेली. सुरभीनं नंदी त्याच्या गोणपाटावर ठेवला आणि पोळी काढायला वळली.

हा म्हातारा बोलत नसे. मुलं त्याला आजोबा म्हणत, तो पोळी घेई, खाई, तोंड फिरवी. त्या दिवशी त्यानं तोंड फिरवलं नाही. नंदीकडे बघत राहिला. मग बाहीनं नंदीची पाठ पुसली. पुढ्यातल्या वाटीत बोट बुडवलं आणि पिवळं वरण नंदीच्या कपाळाला लावलं. आत्ताच मिळालेली पोळी अर्धी केली, अर्धी नंदीच्या तोंडाशी धरली आणि तीच सुरभीपुढे केली.

"घे माय. बोजारा."

सुरभीनं मॅडमकडे बघितलं. घ्यायचं की नाही ते कुठल्या नियमात नव्हतं. इंदुताईंनी मान हलवली. सुरभीनं अर्धी पोळी दोन्ही हातांत घेतली.

मग काय, बाकीच्या पोरांनाही चेव आला. ज्याच्या-त्याच्या पुढ्यात नंदी उभे राहिले. तिकीट खिडकीखाली झोपणाऱ्या बाईनं केसातली पिन काढून दिली. कोणी बिडीबंडलाचा चकचकीत कागद दिला, कोणी बिस्कीट. ज्यांना दार नाही त्यांच्या दारात नंदी आला होता, आणि परत कोणीच पाठवला नाही. द्यायला गेलेली पोरं घेऊन आली. हे कोणी ठरवलं नव्हतं. इंदुताईंनी तर नक्कीच नाही.

"कोनाच्या घरचा नंदी हाय वं?" म्हातारा सुरभीला विचारत होता.

"आमच्या. माह्या बाबांनी केला."

"चांगला हाय. शिंगं जरा पुढं पायजे होते."

संघदीप नावाचा मुलगा जवळच बसला होता. त्याला गप्प बसणं हा प्रकार माहीतच नाही. "आजोबा, तुमच्याकडं बैल होते?"

"होते ना. चांद्या अन् मोऱ्या."

"कोन्तं गाव?"

"जांभुळदरा. झरीच्या पल्याड. कोनालेबी इचार, उकंडाचं घर सांगते."

एवढं बोलून त्यानं उरलेली अर्धी पोळी खाल्ली. पोरं मॅडमकडे बघत होती. इतक्या शनिवारांत मोठ्या माणसांनी त्याला 'बाबा, दवाखान्यात येता का', 'बाबा, आधार कार्ड आहे का' असलं सगळं विचारून झालं होतं. बैलांची चौकशी कोणी केली नव्हती.

इंदुताईंना काही वाटलं का? नाही. काही वाटायला पाहिजे होतं, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं. डोक्यात एकच गोष्ट आली, चुलीवर पाणी ठेवलं आहे हे आठवावं तशी. याला कोणी गाव विचारलं, तसं ऋतिकलाही कोणी विचारेल. हा घरी पोचला, तर तोही पोचेल. बोली आता वाढली होती. नुसत्या पोळीवर भागणार नव्हतं.

चौकीत सांगून झालं. जांभुळदऱ्याच्या पोलीस पाटलांचा नंबर मिळाला. इंदुताईंनी फोन लावला. उकंडाचं नाव सांगितलं. पलीकडून प्रश्न आला, "उजव्या हातावर बैल गोंदला हाय काय?"

"हाय."

"मंग थोच हाय." पाटील खाकरले. "या मॅडम तुमी. घेऊन या."

मुलांच्या दृष्टीनं गोष्ट इथेच संपली होती. आता फक्त शेवटचं गोड प्रकरण बाकी. त्यांनी आजोबांना स्टँडमागच्या नळावर आंघोळ घातली, न्हाव्याला बोलावून केस कापून घेतले, कोणाच्या आजोबांचं धोतर आलं, कोणाची टोपी आली. झेंडूचा हार झाला. म्हातारा सुरभीशिवाय कोणाबरोबर हलेना, म्हणून तिच्या घरून परवानगी घेतली. तिनं नंदीही बरोबर घेतला. गाडी कोणाची न्यायची हा प्रश्न आला तेव्हा वामनराव म्हणाले, "मी येतो. व्हॅन हाय ना आपली." शनिवारच्या कामात त्यांनी कधी डोकावलं नव्हतं. इंदुताईंनी काहून म्हणून विचारलं नाही. बेपत्ता झालेला माणूस परत घरात शिरताना कसा दिसतो, हे त्यांना बघायचं असेल.

पांढरकवडा सोडल्यावर रस्ता अरुंद झाला, मग सागाचं जंगल लागलं. म्हातारा खिडकीतून बघत होता. एका ओढ्यापाशी म्हणाला, "इथं पूल नोता." झरी मागे पडली. गाव जंगलाला टेकलेलं, कपाशीच्या मधे. घरासमोर माणसं जमलेली होती, पण कोणी पुढे येत नव्हतं. लग्नाघरी जमतात तशी ती माणसं नव्हती. इंदुताईंनी अशी गर्दी ऋतिक गेला तेव्हा स्वतःच्या दारात बघितली होती.

उकंडा उतरला. गळ्यात हार, डोक्याला टोपी. ओसरीवरून एक म्हातारी खाली आली, कपाळ मोकळं, हात मोकळे. ती कौसल्या, त्याची बायको. तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. आधी त्याच्या पायांकडे बघितलं. टाचा मागे आहेत की पुढे, ते. भुताचे पाय उलटे असतात. त्याचे सरळ होते. तरी ती तिथेच उभी राहिली.

मुलगा पुढे आला. चाळिशीचा, मान खाली घालून बोलणारा. "बारा वर्स थांबलो जी आमी," तो वामनरावांना सांगू लागला, कारण आलेल्यांत पुरुष तेवढाच होता. "येक दिवस कमी नाही. पल्याडचा सगळा तेलंगणा पालथा घातला. मंग पळसाचा करून अग्नी देल्ला. दहाव्याले पिंड ठेवला तं कावळा लगेच शिवला. लगेच. लोकायले दोन-दोन घंटे थांबा लागते. आमी म्हटलं, बापू गेला. तृप्त होऊन गेला." तो थांबला. "कावळा खोटं कसा सांगन जी?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. रीत होती तेवढं थांबले, रीत होती तसं जाळलं. कावळ्याला भूक लागली होती आणि त्यानं भात खाल्ला, एवढ्यावर एक जिवंत माणूस मेला. तो स्टँडवर बसून तेव्हा काय खात असेल, देव जाणे.

घरात कसं घ्यायचं, हा खरा पेच होता. अग्नी दिलेला माणूस उंबरा ओलांडून आत आला तर घराला काय लागेल, हे गावात कोणाला माहीत नव्हतं. पुन्हा बारसं करावं लागतं म्हणे, पुन्हा नाव ठेवावं लागतं. भटजी पांढरकवड्याहून यायचे होते. तोवर गोठ्यात बाज टाकली होती. बाजेवर धुतलेली चादर होती, उशाला उशी होती. मुलानं पाहुण्यांना चहा दिला. कोणी हिडीसफिडीस केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं, निदान चिडता आलं असतं.

उकंडा गोठ्यात जाऊन बसला. गोठ्यात बैल नव्हते, ट्रॅक्टरचा नांगर होता. कौसल्यानं पाण्याचा तांब्या आणला. हात पुढे केला. त्यानंही केला. मग तिचा हात मधेच थांबला आणि तिनं तांब्या जमिनीवर ठेवला, जरा सरकवला, आणि दोन पावलं मागे गेली. उकंडा तो उचलून पाणी प्यायला. इंदुताई हे बघत होत्या. वामनरावही बघत होते.

पाणी पिऊन झाल्यावर उकंडा बराच वेळ बसला. दावणीच्या रिकाम्या खुंट्याकडे बघत बसला. मग उठला, गळ्यातला हार काढून खुंट्याला अडकवला, आणि चालत येऊन व्हॅनमध्ये बसला. सुरभीच्या शेजारी, येताना बसला होता तिथेच.

कोणी त्याला बस म्हटलं नाही, कोणी उतर म्हटलं नाही. मुलगा म्हणाला, "भटजी आले का मी सोताच येतो न्याले." त्याला तसं खरोखर वाटत असावं. गाडी सुरू झाली तेव्हा कौसल्या खिडकीशी आली. फडक्यात बांधलेली भाकर तिनं सुरभीच्या मांडीवर ठेवली.

"त्यायले देजो, माय. तिथं जेवतेत काय थे?"

"हो," सुरभी म्हणाली. "आम्ही देतो ना. दर शनिवारी."

"मंग ठीक हाय," म्हातारी म्हणाली, आणि मागे झाली.

जिचं लेकरू जगत नाही ती आई नवं लेकरू उकिरड्यावर नेऊन ठेवते, परत उचलून आणते आणि त्याचं नाव ठेवते उकंडा. टाकाऊ समजून यमानं हात लावू नये म्हणून. या उकंडाला यमानं सत्तर वर्षं खरंच हात लावला नाही. ते काम घरच्यांनी केलं, आणि तेही मायेनं केलं, हेच त्यातलं वाईट.

परतीच्या वाटेवर सुरभी नंदी मांडीवर घेऊन झोपली. स्टँडवर उकंडा उतरला, खांबाशी गेला, गोणपाट झटकलं आणि टेकून बसला. जांभुळदऱ्याहून न्यायला कोणी आलं नाही. पुढच्या शनिवारी मुलांनी विचारलं, "आजोबा परत काहून आले?" इंदुताईंनी सांगितलं, "त्यायच्या घरी जागा नोती." संघदीप म्हणाला, "पन मॅडम, सुरभी म्हणते गोठा तं रिकामा होता." त्यावर त्यांनी पोळ्या वाटायला घेतल्या.

गणपती आले, गेले. पितृपक्ष लागला. पळसविधीचा विषय घरात निघाला नाही. भटजींना नको म्हणून निरोपही गेला नाही. दोघंही त्या विषयाला वळसा घालून चालत होते, ओल्या फरशीवरून चालावं तसे. इंदुताईंना वाटलं, विषय आपोआप संपला. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी दुपारी वामनराव शेतातून आले आणि त्यांनी पोतं पडवीत उपडं केलं. पळसाची पानं. हिरवी, मोठी, निवडून तोडलेली.

इंदुताई दारात उभ्या राहिल्या. वामनराव मान वर करेनात.

"तू हो म्हटलं नाही, मले मालूम हाय," ते म्हणाले. "पन भटजी उद्या येऊन राह्यले. मी आता किती दिवसाचा हाव, सांग बरं? त्याले पानी मिळाल्याबिगर मी गेलो तं..." पोक्त माणूस, पण पानांच्या ढिगापाशी बसून रडला. इंदुताईंना त्याचा हेवा वाटला.

त्या खाली बसल्या. एक पान उचललं, उलटसुलट करून बघितलं. मग त्या बोलल्या, आणि पुष्कळ वर्षांत एवढं एकदम बोलल्या नव्हत्या.

"उद्या तुमी हे केलं, अन् परवा थो दारात आला, तं मी आधी त्याचे पाय पाहीन. थ्या बाईनं पाह्यले तसे. मी त्याची माय हावो, पन पाहीन. माह्या हातून तांब्या खालीच ठेवल्या जाईन. मले भेव वाटते त्याचं. थो मेल्याचं नाही वाटत एवढं."

वामनरावांनी रिकाम्या पोत्याची घडी घातली. "अन् थो गेलाच असन तं?"

"तं मले नाही मालूम," त्या म्हणाल्या. त्यांना खरंच माहीत नव्हतं, आणि कधी माहीत होणारही नव्हतं. हे त्यांनी पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं होतं.

पानं तर आली होती. टाकून द्यायची नाहीत, जाळायचीही नाहीत, मग करायचं काय? पळसाच्या पानांचं दुसरं काय होतं ते विदर्भातल्या बाईला शिकवावं लागत नाही. इंदुताईंनी निंबाच्या काड्या मागितल्या. वामनरावांनी डोळे पुसले, अंगणातल्या झाडाची फांदी तोडून आणली, पानं ओरबाडून काड्या काढल्या, चाकूनं टोकं केली आणि एकेक करून देऊ लागले. इंदुताई पानाला पान जोडत पत्रावळ टाचत होत्या. लहानपणी आजीकडे शिकलेलं, हात विसरले नव्हते. तिसऱ्या की चौथ्या पत्रावळीला काडी पानातून निसटली आणि तर्जनीत शिरली. त्यांनी "स्स" केलं.

"लागलं काय?" वामनरावांनी विचारलं.

इंदुताई बोटाकडे बघत राहिल्या. टोकावर रक्ताचा थेंब आला होता. "हो," त्या म्हणाल्या. "लागलं." आणि पुढची काडी मागितली. वामनरावांनी ती देण्याआधी फोन घेतला आणि भटजींना येऊ नका म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री. शनिवार नव्हता, तरी पोरांना निरोप गेला आणि बरीचशी आली. घराघरांतून त्या दिवशी वडे-खीर असतेच, मोठमोठे डबे आले. फलाटाच्या कडेला पत्रावळी मांडल्या गेल्या, पोरं आणि स्टँडवरची माणसं एकाच पंगतीत. संघदीपनं पत्रावळ उलटी करून काड्या मोजायला घेतल्या, सुरभीनं त्याला दटावलं. वामनराव पहिल्यांदाच आले होते. कोणाशी काय बोलावं हे त्यांना समजत नव्हतं, म्हणून त्यांनी पाण्याचं काम घेतलं.

उकंडापाशी आले तेव्हा त्यांनी तांब्या पुढे केला. उकंडानं नेहमीच्या सवयीनं समोरची जमीन हातानं झाडली, ठेवायला जागा केली. वामनरावांनी तांब्या खाली ठेवला नाही. वाकलेलेच राहिले. छातीचे टाके दुखत असणार, पण राहिले. उकंडानं वर बघितलं. मग हात पुढे केला आणि तांब्या त्यांच्या हातातून घेतला.

इंदुताई वरण वाढत पंगतीतून येत होत्या. ते बघताना भांडं कललं आणि काडी टोचलेल्या बोटावर गरम वरण सांडलं. चटका जोरात बसला. त्यांनी बोट तोंडात घातलं, आणि डोळ्यांतलं पाणी पोरांना दिसू नये म्हणून खांबाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.